वऱ्हाडचे रक्तगट : प्रमाणांचा प्रश्न आणि त्याची आजवरची मांडणी

ए, बी, एबी आणि ओ हे चारही रक्तगट भारतातील बहुतेक सर्व मोठ्या जनसमूहांत आढळतात. एखादा गट अमुक मुलखाचा किंवा अमुक ज्ञातीचा अशी मालकी निसर्गाने कोणालाही बहाल केलेली नाही. भेद असतो तो प्रमाणाचा. कोठे शंभरांत चाळीस माणसे ओ गटाची भरतात, कोठे तीस. कोठे बी गट ओ गटाच्याही पुढे जातो, कोठे तो एक-पंचमांशाखाली उतरतो. हे प्रमाण प्रदेशागणिक का बदलते, त्यावरून लोकांच्या पूर्वेतिहासाविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या वादाची आजची स्थिती वऱ्हाडच्या, विशेषतः अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मनुष्याच्या रक्ताचे तीन गट असल्याचे दाखवून दिले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा, म्हणजे एबी गट सापडला. परंतु हे गट आईबापांकडून अपत्यांकडे नियमाने उतरतात हे १९१० मध्ये फॉन डुंगर्न व हिर्झफेल्ड यांनी सिद्ध केले, तेव्हाच त्यांना वैद्यकाच्या बाहेर, मानववंशशास्त्राच्या प्रांतात प्रवेश मिळाला. लुडविक हिर्झफेल्ड व त्यांच्या पत्नी हन्ना यांनी पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले आणि १९१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या तक्त्यात हिंदी सैनिकांचे स्थान लक्षणीय होते : इंग्रज सैनिकांत बी गटाचे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास, तर हिंदी सैनिकांत ते शेकडा ४१ इतके भरले. या एका आकड्याने हिंदुस्थान हे बी गटाचे मूलस्थान असावे ही कल्पना रूढ केली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनाची दिशाही बव्हंशी तिनेच ठरविली.

हिंदुस्थानात मलोन व लाहिरी यांनी १९२९ मध्ये काही जाती व जमातींच्या रक्तगटांची मांडणी केली. नंतर आयलीन मॅकफर्लेन यांनी दख्खनसह देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरून नमुने तपासले. महाराष्ट्रापुरता विचार केला तर खरा पाया १९४९ साली घातला गेला. त्या वर्षी एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. ‘मुंबईकरांचे रक्त’ असा सरसकट विषय त्यांनी घेतला नाही; ज्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी बेटीव्यवहार नाही अशा समूहांचे नमुने वेगवेगळे ठेवले. पुढे सांगावयाच्या बहुतेक सर्व मुद्द्यांचे मूळ या एका पद्धतशीर निर्णयात आहे, असे मला वाटते.

१९५२ मध्ये मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात असा प्रकार आढळला की, ज्यात ए आणि बी तर नव्हतेच, पण ओ गटाच्या रक्तावरही असणारा एच हा मूळ पदार्थही नव्हता. ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांसाठी संदर्भ केंद्र स्थापन झाले, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील आजची प्रतिरक्षा-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था ही त्याचेच विस्तारित रूप होय.

गट कसा ठरतो आणि प्रमाण कसे काढतात

कोणत्याही तक्त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो ज्या कृतीतून निघाला ती पाहणे इष्ट असते. रक्तदान शिबिरात पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब ठेवतात. एकात निळसर रंगाचे अँटी-ए, दुसऱ्यात पिवळे अँटी-बी आणि तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी मिसळून काडीने ढवळतात व टाइल हलकेच झुलवतात. जेथे रक्ताच्या गुठळ्या धरतात तेथे तो घटक आहे, जेथे रक्त एकजीव राहते तेथे नाही. पहिल्या दोन्ही थेंबांत गुठळी झाली नाही तर नोंदवहीत ‘ओ’ असे लिहिले जाते. आणि नेमक्या याच ठिकाणी बॉम्बे गटाचा मनुष्य ओ गटाच्या रकान्यात निमूटपणे जाऊन बसतो. त्याला ओळखावयाचे तर त्याचा रक्तद्रव ज्ञात ओ गटाच्या पेशींवर टाकून उलट तपासणी करावी लागते; त्या पेशींच्या गुठळ्या झाल्या की संशय पक्का होतो आणि रक्त संदर्भ प्रयोगशाळेकडे रवाना करावे लागते.

भारतात बॉम्बे गटाचे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक असे सामान्यतः सांगितले जाते. २०११ च्या खानेसुमारीत अमरावती व अकोला या जिल्ह्यांची एकत्र लोकसंख्या सुमारे ४७ लाख होती. तो अंदाज येथे जसाच्या तसा लागू पडला तर अशी साडेचारशेवर माणसे या दोन जिल्ह्यांत असावयास हवीत. त्यांना ओ गटाचे रक्तदेखील चालत नाही, त्यामुळे प्राण वाचविण्याच्या दृष्टीने हा आकडा लहान म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

गटांच्या प्रमाणावरून त्यामागील जनुकांचे प्रमाण काढण्याची रीत बर्नस्टाइन यांनी १९२४ च्या सुमारास दिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या पाचही विभागांतील १०,००० निरोगी रक्तदात्यांच्या पाहणीत ओ ३७.१२, बी ३२.२६, ए २२.८८ व एबी ७.७४ अशी शेकडेवारी आली होती. ओ गटाच्या प्रमाणाचे वर्गमूळ घेतले की ओ जनुकाचे प्रमाण सुमारे ०.६१ येते, तशाच रीतीने बी चे सुमारे ०.२३ आणि ए चे सुमारे ०.१७ येते. या आकड्यांवरून एबी गट शेकडा साडेसात असावा असे गणित सांगते आणि प्रत्यक्षातही तो जवळपास तेवढाच निघतो. त्याच पाहणीत आरएच निगेटिव्ह दाते शेकडा साडेपाचांच्या आत होते; पण त्याच गणिताने पाहिले तर निगेटिव्ह जनुकाची एक प्रत जवळ बाळगणारी, स्वतः मात्र पॉझिटिव्ह असलेली माणसे शेकडा पस्तीस भरतात. निगेटिव्ह रक्त क्वचित आढळते, त्याचे जनुक मात्र क्वचित नाही. घरात दोन्ही आईबाप पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह कसे, ही शंका अनेक घरांत उठते. तिचे उत्तर या साध्या गणितात आहे.

भेदाची तीन स्पष्टीकरणे

प्रमाण का बदलते, यावर पहिली भूमिका वंश व स्थलांतर यांची. हिर्झफेल्ड यांनी ए आणि बी हे दोन मूळ वंशांचे द्योतक मानून त्यांच्या गुणोत्तराचा एक निर्देशांक काढला होता. आपल्याकडे याला जोड मिळाली ती रिस्ले यांच्या १९०१ च्या खानेसुमारीतील विचारसरणीची. त्यांनी जाती म्हणजे वंशमिश्रणाच्या पायऱ्या असे मानून नाकाच्या मापांवर मदार ठेवली होती, आणि रक्तगट हे त्याहून निर्दोष माप म्हणून पुढे आले. उत्तर भारतात बी गट बहुधा वरचढ आणि दक्षिणेत ओ गट वरचढ, ही स्थूल चढउतार खरी आहे व स्थलांतराचा त्यात वाटा असणारच. महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध पडतो. येथे ओ आणि बी सामान्यतः एकमेकांच्या निकट राहतात. मात्र ज्या दोन समूहांची शेकडेवारी जुळते ते एकाच मूळाचे, हे अनुमान टिकले नाही. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या, पृथ्वीच्या दोन टोकांच्या समूहांतही तीच शेकडेवारी येऊ शकते हे मूरान्ट यांच्या १९५४ च्या जागतिक संकलनाने सर्वांच्या नजरेस आणले.

दुसरी भूमिका रोग आणि निवड यांची. एर्ड व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये जठराच्या कर्करोगाचा ए गटाशी किंचित संबंध दाखविल्यापासून रक्तगट हे ‘तटस्थ’ लक्षण आहे हा समज ढळला. पटकीचा आजार ओ गटाच्या रोग्यांत अधिक तीव्र होतो असे बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील अभ्यासांत आढळले. तर फाल्सिपेरम हिवतापात ओ गटाला थोडे संरक्षण मिळते असे पुढे दिसून आले, कारण त्या गटाच्या पेशींचे झुबके कमी बनतात. देवीच्या साथीत ए व एबी गटांना अधिक धोका असतो असे फोगेल व चक्रवर्ती यांनी १९६६ मध्ये बंगाल-बिहारच्या ग्रामीण भागातील पाहणीवरून मांडले होते, पण इतरत्र झालेल्या तपासण्यांत तोच संबंध दृढ झाला नाही आणि देवी नामशेष झाल्यामुळे तो वाद आता तडीस जाणे कठीण आहे. हा पक्ष सर्वांत मोहक आहे. तरीही एखाद्या विशिष्ट तालुक्यातील आजच्या प्रमाणावरून तेथील जुन्या साथींचा इतिहास वाचण्याइतका तो बळकट झालेला नाही.

तिसरी भूमिका अंतर्विवाहाची व यदृच्छेची. समूह लहान असला आणि त्याच्याबाहेर विवाह होत नसला, तर कोणतेही जनुक पिढ्यांमागून पिढ्या निव्वळ योगायोगानेही वाढते किंवा घटते. इरावती कर्वे यांनी या मताला महाराष्ट्रात सर्वांत ठाम आधार दिला. जात ही एका मूळ समाजाची फाळणी होऊन बनली की मुळातच वेगळ्या असलेल्या आप्तसमूहांची एकत्र मांडणी होऊन बनली, या प्रश्नात त्यांचा कल दुसऱ्या बाजूला होता. घुर्ये यांच्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या १९३२ च्या ग्रंथातील विवेचनाशी त्यांचा मतभेद याच ठिकाणी येतो. वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने १९५१ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापे प्रसिद्ध केली. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही समूहांची जैविक तुलना मांडली आणि दर्जा एक असूनही समूहांत स्पष्ट अंतरे असल्याचे दाखविले. अंतरांच्या कारणांविषयी त्यांचे सर्वच निष्कर्ष मान्य करावयास पाहिजेत असे नाही, पण ‘जात’ या मोठ्या नावाखाली मोजणी केली तर खरा भेद झाकला जातो, हा त्यांचा धडा अद्याप जुना झालेला नाही.

या तिन्ही पक्षांवर १९७० नंतरच्या संशोधनाने एक मर्यादा घातली. लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट व प्रथिने यांच्याच आधारे दाखविले की मानवी विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच लोकसमूहाच्या आत सामावलेला असतो. त्यानंतर हजारो जनुकस्थाने एकाच वेळी वाचणे शक्य झाले आणि २००९ व २०१३ च्या अभ्यासांत असे चित्र पुढे आले की, भारतातील बहुतेक समूह दोन प्राचीन वंशधारांच्या मिश्रणातून घडले, हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी घडून आले आणि त्यानंतर अंतर्विवाहाचा कडेकोट बंदोबस्त सुरू झाला. म्हणजे स्थलांतरवादी व अंतर्विवाहवादी हे दोघेही आपापल्या कालखंडापुरते खरे ठरतात. रक्तगट हे एकच जनुकस्थान असल्यामुळे या मोठ्या कथेतील ते फार तर एक साक्षीदार आहे.

वऱ्हाडात मोजावयाचे ते कोणाला?

येथून आपण आपल्या मुलखाकडे वळू. वऱ्हाडाची जुनी भौगोलिक विभागणी तीन पट्ट्यांची : उत्तरेस गाविलगडचा डोंगराळ मेळघाट, मध्ये पूर्णा नदीच्या काळ्या जमिनीचा पयनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. अमरावती व अकोला ही शहरे पयनघाटात येतात, परंतु जिल्ह्याची सरहद्द या पट्ट्यांना जुमानत नाही : धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाटात असूनही अमरावती जिल्ह्यातच मोडतात. शिवाय जिल्हा हे एकक स्थिर तरी कोठे आहे? १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत आणि वाशीम जिल्ह्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा वेगळा निघाला. सरकारी कागदावरची ही रेघ आखणाऱ्या कारकुनाने कोणाच्या सोयरिकी पाहिल्या नव्हत्या.

वस्तीची घडण तर याहून गुंतागुंतीची आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला भाव आला, आणि १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली; तेव्हापासून व्यापारी, मजूर, नोकरदार यांचे येणे सतत चालू राहिले. अकोल्याच्या बाजारपेठेतील मारवाडी व गुजराती घराणी, फाळणीनंतर आलेले सिंधी, अचलपूर व बाळापूर येथील जुनी मुसलमान वस्ती, तांड्यांवरचे बंजारा आणि गावोगावचे कुणबी, माळी, तेली, बौद्ध हे सर्व एकाच जिल्ह्याच्या सरासरीत मिसळले जातात. कुणबी म्हणूनही भागत नाही, कारण सोयरिकीच्या वेळी तिरळे, घाटोळे, धनोजे, लोणारी अशा शाखा निरनिराळ्या धरल्या जात आल्या आहेत. मेळघाटातील कोरकूंची गोष्ट आणखी निराळी. त्यांची भाषा मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडची, आणि मुंडाभाषक समूहांच्या पितृपरंपरेत आग्नेय आशियाशी नाते सांगणारा अंश असल्याचे २०११ च्या जनुकीय अभ्यासाने दाखविले आहे. धारणीची सरासरी व दर्यापूरची सरासरी एकत्र करून काढलेला ‘अमरावतीचा रक्तगट’ या दोहोंपैकी कोणाचेही वर्णन करीत नाही.

पण यावरून जिल्हावार आकडे निरुपयोगी ठरतात असे नव्हे, आणि या प्रश्नातील बराच गोंधळ दोन हेतूंच्या सरमिसळीतून झाला आहे. अमरावतीचे इर्विन वा अकोल्याचे सर्वोपचार यांसारख्या रुग्णालयांना उन्हाळ्याच्या सुटीत, शिबिरे ओसरतात तेव्हा, बी च्या किती पिशव्या शिलकीत ठेवाव्या हे ठरवावयाचे असेल, तर त्यांना येणाऱ्या रुग्णांची सरमिसळ सरासरीच हवी. तेथे जातवार तपशील अनावश्यक आहे. पूर्वेतिहासाचा शोध घेणाऱ्याला मात्र सोयरिकीच्या वर्तुळाचे आकडे हवेत. त्याला रक्तपेढीची वही अपुरी पडते. पहिल्या हेतूसाठी जमविलेल्या आकड्यांतून दुसऱ्या हेतूचे निष्कर्ष काढले जातात, तेथे चूक होते.

वहीची मर्यादा आणखी एका बाजूने पाहावी. रक्तदाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या खाली नसलेला असावा लागतो. ज्या पंडुरोगी, कुपोषित बायकांची संख्या मेळघाटात मोठी आहे त्या या अटींनीच गाळल्या जातात. निगेटिव्ह गटाच्या दात्याला वर्षातून अनेकदा बोलावणे जाते, आणि पिशव्या मोजल्या तर एकच माणूस तीन वेळा मोजला जातो. नमुन्याचा आकारही लक्षात घ्यावा : ३०० दात्यांच्या एका शिबिरात बी गट शेकडा ३२ आला, तर खरे प्रमाण २७ ते ३७ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. एका शिबिरात अकोला बी चे आणि दुसऱ्यात अमरावती ओ चे ठरले, तर त्या फरकाला अर्थ असेलच असे धरून चालता येत नाही.

सिकलसेलची शेजारची साक्ष

रक्तगटांच्या बाबतीत जे संदिग्ध राहिले, ते सिकलसेलच्या बाबतीत बरेच स्पष्ट आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. भारतात हा दोष १९५२ मध्ये प्रथम नोंदला गेला, १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी नागपूर भागातील त्याच्या अस्तित्वाची नोंद केली, पुढे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत त्याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. एक प्रत असणाऱ्यास हिवतापापासून संरक्षण आणि दोन प्रती असणाऱ्यास व्याधी, असा निवडीचा रोखठोक व्यवहार येथे सिद्ध आहे. हिवतापग्रस्त जंगलपट्ट्यातील जमातींत हे जनुक का टिकले हे त्यावरून उलगडते. विदर्भात ते केवळ आदिवासींत नाही. बौद्ध व इतर मागास समाजांतही ते मोठ्या संख्येने आढळते. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात घरोघर तपासणी होते. आणि येथे जमातवार आकडे ठेवण्याला उपचाराचा प्रत्यक्ष आधार आहे, जो सामान्य रक्तगटांच्या बाबतीत नाही.

काय ठरले, काय उरले

रक्तगटाचे प्रमाण म्हणजे वंशाचे प्रमाणपत्र नव्हे, हे निर्विवाद ठरले आहे. अंतर्विवाहामुळे शेजारच्या घरांतही प्रमाण भिन्न राहू शकते, हेही ठरले आहे. ए-बी-ओ हा भेद मुळात इतका काळ का टिकून राहिला, हे मात्र उरले आहे : २०१२ च्या एका अभ्यासाने तो वानरकुळात दोन कोटी वर्षांहून जुना असल्याचे दाखविले, म्हणजे निवडीने तो जपला असला पाहिजे, पण नेमक्या कोणत्या रोगाने, आणि आजही तो दाब चालू आहे काय, यावर एकमत नाही. गेल्या दोन पिढ्यांत शिक्षण, नोकरी व शहरवास यांमुळे जे आंतरजातीय विवाह होऊ लागले आहेत त्यांनी जुनी अंतरे किती पुसली, हेही मोजावयाचे राहिले आहे. समूहवार नोंदीचा प्रश्न तर शास्त्राइतकाच सामाजिक आहे : नोंद ठेवली नाही तर भेद कळत नाही, आणि ठेवली तर तिचा दुरुपयोग होणार नाही याची हमी कोणी द्यावयाची? मला स्वतःला संमतीने, निनावी आणि केवळ संशोधनापुरती घेतलेली नोंद हाच मध्यममार्ग योग्य वाटतो. परंतु तिला विरोध करणाऱ्यांची भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

अमरावती व अकोल्याच्या रक्तपेढ्यांनी आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयांनी मनावर घेतले तर तीन गोष्टी वेगळ्या खर्चावाचून होण्याजोग्या आहेत : वार्षिक तक्त्यात पिशव्यांऐवजी माणसे मोजावी, प्रथमच रक्त देणाऱ्यांचे आकडे वेगळे छापावे, आणि दात्याचा मूळ तालुका नोंदवावा. चौथी, म्हणजे ओ म्हणून लिहिलेल्या प्रत्येक नव्या दात्याची उलट तपासणी, हिला थोडे श्रम पडतील. पण धारणीच्या दवाखान्यात एखादी बाळंतीण रक्तस्रावाने अत्यवस्थ असताना तिचा गट बॉम्बे आहे हे तेव्हाच कळू नये, यासाठी ते श्रम अवश्य घेतले पाहिजेत.